छाया : सोशल मीडिया

वृत्तपत्राचा फोटोग्राफर व्हायचं म्हणताय? उत्तम. घरी सांगितलंत का? नसेल तर आधी लग्नाच्या दोन-तीन ऑर्डरी पदरात पाडून घ्या, मग सांगा. घरच्यांना फोटोग्राफर माहीत असतो तो मांडवातला. पुढे तुमचा संसारही त्याच मांडवाच्या जिवावर चालणार आहे, त्यामुळे त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडू नका. तो गैरसमज नाहीच.

आता मी कोण सल्ला देणारा? मी आयुष्यात बातमीचा एकही फोटो काढलेला नाही. मी डेस्कवरचा. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बसून बरीच वर्षं दुसऱ्यांनी काढलेले फोटो कापत आलो. उभ्याचे आडवे केले, चार कॉलमांचे दोन कॉलम केले, आणि रात्री साडेदहाला जाहिरात आली की अख्खा फोटोच उचलून बाजूला ठेवला. या धंद्याची आजची अवस्था घडवण्यात माझाही खारीचा वाटा आहे. तेव्हा अधिकार पोचतो.

सर्वांत आधी, घटनास्थळी जायची सवय मोडा. पूर्वी ठीक होतं. तालुक्याचा फोटोग्राफर दरड कोसळलेल्या ठिकाणी चिखल तुडवत जायचा, रोल पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा, आमचा शिपाई रात्री स्टँडवर जाऊन ते पाकीट शोधायचा आणि डार्करूममध्ये धुतल्यावर कळायचं की छत्तीसपैकी धड एकच आहे. तो एक आम्ही छापायचो. आता अपघात झाला की पहिला पोचतो तो फोटो काढतो, दुसरा व्हिडिओ, तिसरा लाइव्ह जातो. जखमीला उचलायला चौथा लागतो, तो जरा उशिरा येतो. तुम्ही गाडीची किल्ली शोधेपर्यंत फोटो आमच्या ग्रुपवर पडलेला असतो. आम्ही तो उचलतो आणि खाली लिहितो, ‘छाया : सोशल मीडिया’. हा सोशल मीडिया नावाचा गृहस्थ मोठा गुणी. एकाच दिवशी गडचिरोलीत असतो, वसईत असतो, सांगलीच्या पुरातही असतो. पेट्रोलचं बिल लावत नाही. आणि ‘माझं नाव का नाही छापलं’ म्हणून डोळ्यांत पाणी आणून डेस्कसमोर उभा राहत नाही.

आपणच मागे आहोत असं मात्र समजू नका. अमेरिकेत ‘शिकागो सन-टाइम्स’ने ३० मे २०१३ रोजी आपले सगळेच्या सगळे पूर्णवेळ फोटोग्राफर एका फटक्यात घरी पाठवले. २८ जण. त्यांत जॉन व्हाइट होते, १९८२ सालचे पुलित्झर विजेते, म्हणजे पत्रकारितेतल्या सर्वांत मानाच्या पुरस्काराचे. मग बातमीदारांना आयफोनवर फोटो कसे काढायचे ते शिकवलं गेलं. आमच्याकडे ते शिकवण्याचा खर्चही झाला नाही, ही आपली काटकसर.

हे झालं किरकोळ. खरी प्रगती वेगळीच आहे, आणि ती समजून घेतलीत तर तुमचं भलं होईल. पूर्वी फोटोत तीन माणसं असायची. एक ज्याचा फोटो, दुसरा तो पाहणारा, आणि तिसरा काढणारा, ज्याला कुणी बोलावलेलंही नसायचं. हा तिसरा फार अडचणीचा होता. साहेबांच्या सभेत सगळे मंचाकडे बघत असताना हा पठ्ठ्या मंचाकडे पाठ करायचा आणि मागच्या रिकाम्या खुर्च्या टिपायचा. तुम्हा लोकांची ही खोड जुनी आहे. आता साहेबांकडे स्वतःचा कॅमेरा आहे, त्यामागे माणूस आहे, ड्रोन आहे, आणि फोटो उजळून देणारा मुलगाही आहे. संध्याकाळी मेल येते. आठ फोटो, आठही फोटोंत साहेब मधोमध. कुदळ मारताना, फीत कापताना, एका आजीबाईंचा हात हातात घेताना. गर्दी काठोकाठ. फोटोओळही सोबत तयार. मी फक्त ‘मा.’ काढायचं, बस्स.

आता तुम्हीच सांगा, अशा सोयीच्या काळात तुमचं काय काम? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी मुंबईला चालत आले, साधारण १८० किलोमीटर. मागण्या काय होत्या हे विचारलं तर आज निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. तळपाय मात्र सगळ्यांना आठवतात. भेगाळलेले, सोललेले, रक्ताळलेले. कोणत्याही माहिती कार्यालयाच्या मेलमध्ये तळपाय आल्याचं मी नोकरीत पाहिलं नाही. मे २०२० मध्ये औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या चपात्या कुणाच्या हँडआउटमध्ये, म्हणजे मेलने आलेल्या तयार फोटोंत, आल्या असत्या? हँडआउटमध्ये मदतीचा धनादेश येतो. हसरा असतो, फ्रेममध्ये नीट बसतो. तर तुम्हाला टिकायचं असेल तर जमिनीकडे बघू नका. कॅमेरा छातीच्या उंचीवर, साहेबांच्या जाकिटाच्या रेषेत.

विलायतेत अजून काही जुन्या वळणाचे लोक आहेत. मार्च २०२४ मध्ये केन्सिंग्टन पॅलेसने राजघराण्याच्या सुनेचा मुलांसोबतचा फोटो प्रसृत केला. एपी, रॉयटर्स, एएफपी, गेटी या जगभर फोटो पुरवणाऱ्या संस्थांनी तो आधी वृत्तपत्रांना पाठवला आणि काही तासांतच ‘हा वापरू नका’ म्हणून मागे घेतला. कारण काय, तर लहान राजकन्येच्या बाहीची कड जुळत नव्हती. बाही! दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी ‘मीच जरा एडिट केला’ म्हणून माफी मागितली. आमच्याकडे पंगतीतला अख्खा माणूस खोडलेला फोटो आला होता, टेबलाखाली त्याची चप्पल तेवढी राहिली होती. आम्ही चप्पल कापली आणि छापला.

आता एआयविषयी. घाबरू नका, त्याला नमस्कार करा. पावसाची बातमी आहे? तीन ओळी टाइप करा, गुडघाभर पाणी, छत्री धरलेली बाई, मागे लोकल. तुम्ही हिंदमाताला चार तास भिजून जे आणलं असतं त्याहून देखणं चित्र मिनिटात मिळतं. दादरच्या पाटीवर ‘दारद’ लिहिलेलं असेल, तेवढं क्रॉप करायचं. खाली ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ टाकलं की सगळी पापं धुतली जातात. हा शब्द कुणी शोधला माहीत नाही, पण गंगेच्या खालोखाल त्याचाच नंबर.

एआयचा आणखी एक मोठा गुण म्हणजे त्याला समन्स काढता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसूझा आपल्या ऑफिसातून समोरच्या सीएसटीत शिरले, फलाटावर उभ्या गाडीच्या डब्यात लपले आणि तिथून कसाबचा फोटो काढला. हातात बंदूक, पाठीला पिशवी, तो तुम्ही पाहिलेलाच आहे. शहाण्या माणसाने उलट्या दिशेने पळायचं असतं. बरं, फोटो काढून तरी सुटका झाली का? पुढे कोर्टात उभं राहून सांगावं लागलं की होय, तिथे मी होतो, हा मीच काढला. फोटोला पुरावा म्हणायचं तर त्याच्यामागे साक्ष द्यायला एक माणूस लागतो, हीच त्याची मोठी अडचण. सोशल मीडिया नावाच्या गृहस्थाला कोर्टाने बोलावलं तर कोण जाणार?

आणि जाणारे परत येतातच असं नाही. रॉयटर्सच्या दानिश सिद्दीकींना २०१८ मध्ये सहकाऱ्यांसोबत रोहिंग्यांच्या फोटोंसाठी पुलित्झर मिळालं. १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्डाकला ते मारले गेले. २०२२ मध्ये भारतातल्या कोविडच्या फोटोंसाठी पुन्हा पुलित्झर जाहीर झालं तेव्हा ते घ्यायला ते नव्हते. यावर मला काही चतुर सुचत नाही. पुढे जाऊ.

खरं-खोटं ओळखण्याची सोयही आता झालीय म्हणे. २०२३ मध्ये लायका या जर्मन कंपनीने एक कॅमेरा आणला, जो फोटोसोबत त्याची कुंडली जोडतो. कोणत्या कॅमेऱ्याने काढला, कधी काढला, नंतर काय बदललं, सगळं. किंमत नऊ हजार डॉलरच्या वर, लेन्स वेगळी. तेव्हा शेत विका, तो घ्या, खरा फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर आम्हाला पाठवा. पाठवताच कुंडली पुसली जाते. आम्ही छापू, ‘छाया : सोशल मीडिया’.

स्पर्धांत भाग घेणार असाल तर तिथेही जपून. २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे नावाच्या फोटोग्राफरने एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या एआय विभागात फ्लेमिंगोचा फोटो पाठवला. पक्षी मान आत घालून पोट खाजवतोय, त्यामुळे बिनडोक्याचा दिसतो. परीक्षकांनी बक्षीस दिलं, लोकांनीही भरभरून मतं दिली. मग यांनी सांगितलं की फोटो खरा आहे, यंत्राने बनवलेला नाही. लगेच बाद! आमच्या शिवडीच्या चिखलात असे शेकडो फ्लेमिंगो पोट खाजवत उभे असतात. त्यांच्यासाठी पहाटे उठणाऱ्यांनी नोंद घ्यावी की खरेपणा हा आता अपात्रतेचा मुद्दा होऊ शकतो.

कायद्याचं विचारू नका म्हणालो असतो, पण कायदा तुमच्याच बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की निर्मात्याला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर कमाल केली. पदरचं पेट्रोल जाळून, स्वतःच्या मर्जीने काढलेल्या फोटोवर तुमचा हक्क हयातभर आणि त्यानंतर आणखी ६० वर्षं. म्हणजे तुमच्या नातवाला एक दिवस मोठा हक्क मिळणार आहे. फक्त तो फोटो आजोबांनी काढला होता हे त्याला सिद्ध करता यायला हवं.

थांबायचं कधी, हे होमाय व्यारावालांकडून शिका. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. माउंटबॅटन, नेहरू सगळे टिपले, आणि १९७० मध्ये नव्या फोटोग्राफरांच्या वागण्याला कंटाळून कॅमेरा खाली ठेवला. पद्मविभूषण आलं २०११ मध्ये. हिशेब सोपा आहे. आधी काम बंद करायचं, मग एकेचाळीस वर्षं वाट बघायची. तुम्ही तर सुरूही केलेलं नाही, म्हणजे तुमची वाट पाहणं आजपासूनच मोजायला हरकत नाही.

तरीही येणारच म्हणता? या मग. कॅमेरा स्वतःचा आणा, मेमरी कार्ड स्वतःचं, विम्याचा विषय काढू नका. आणि एक काम आठवणीने करा. स्वतःचा एक पासपोर्ट साइज फोटो आजच डेस्ककडे देऊन ठेवा. तीस वर्षं गावाचे फोटो काढणाऱ्यांकडे स्वतःचा एकही नसतो, हे आम्हाला दर वेळी ऐन रात्री कळतं. गेल्या वर्षी आमच्या तालुक्याचे फोटोग्राफर गेले तेव्हा घरच्यांनी सगळी कपाटं उचकली. मिळाला तो लग्नातला, त्यातही तोंड दुसऱ्याच फोटोग्राफरच्या फ्लॅशआड गेलेलं. पान थांबलं होतं. शेवटी मी एका कॅमेऱ्याचं चित्र लावलं आणि सवयीने खाली टाइप करून टाकलं : प्रातिनिधिक छायाचित्र.