फिर्यादी होता होता राहिलो

नवी पेठेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेईपर्यंत माझी सायकल गेली. कुलूप लावलं होतं का, हा प्रश्न सगळ्यात आधी बायकोनं विचारला. त्याचं उत्तर तिलाही मिळालेलं नाही.

मी मराठीचा निवृत्त मास्तर. पोलीस ठाण्याकडे निघताना डोक्यात चोर नव्हता, शब्द होता. फिर्यादी! फारसीत 'फर्याद' म्हणजे टाहो, मदतीसाठी मारलेली हाक. मराठीत तिची फिर्याद झाली आणि टाहो फोडणारा झाला फिर्यादी. तिची जोडीदारीण दाद, म्हणजे न्याय. म्हणून आपण दाद मागतो. (गाण्याला देतो तीही हीच, पण ती लवकर मिळते.)

टेबलासमोर उभा राहून मी टाहो फोडला. "सायकल गेली हो!"

"बसा काका. हळू बोला."

मग लेखन सुरू झालं. "कुणीतरी नेली," मी म्हणालो. कागदावर उतरलं, 'कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझे संमतीशिवाय, स्वतःचे फायद्याकरिता, लबाडीने चोरून नेली आहे.' चोराच्या मनातलं इतकं मला कुठलं ठाऊक? पण ते मीच सांगितलं असं ठरलं. 'माझे संमतीशिवाय' पाहून लाल पेनासाठी हात शिवशिवला. पुढे 'जु.वा.किं.अं.' असा उखाणा. विचारलं, तर जुनी वापरती किंमत अंदाजे.

"बोला, किती?"

"सहा हजार," मी छाती काढून म्हणालो.

"अहो, काय सांगताय! साडेचारला घेतली की," सोबत आलेली बायको म्हणाली. "त्यालाबी सात वर्षं झाली."

अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, त्यांत ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र. म्हणजे एफआयआर नाही. नुसती नोंद, आणि तपास हवा तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणायचा. नवी कोरी सायकल गेली असती तरी पाचशे रुपये कमीच पडले असते.

"मग मी फिर्यादी नाही?"

"तक्रारदार लिहितो की, काका."

तक्रार शब्द अरबी. मूळ अर्थ, तेच ते पुन्हा करणं. याचा अनुभव लगेच आला. नोंदीच्या टेबलावर सगळं पुन्हा सांगितलं, आत साहेबांना पुन्हा, बाहेर चहावाल्यानं विचारलं म्हणून त्यालाही. त्यानं मात्र मन लावून ऐकलं.

संध्याकाळी शेजारचे यंत्रमागवाले दारात हजर. "काय की सर, सायकल गेली म्हणं?"

"बसा," मी म्हणालो. "नवी पेठेत कडक भाकरी घेत होतो..."

"कुलूप लावलं होतं का?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.