अन्नदात्याची चिंता : पोहे खाऊन झाल्यावर

शेतकऱ्याची चिंता उपाशीपोटी करू नये, पित्त होतं. सकाळी प्लेटभर पोहे, वर शेव आणि जिरावण मसाला, बाजूला जिलबी, एवढं झालं की इंदूरच्या रामबागेतल्या गॅलरीत खुर्ची टाका आणि सुरुवात करा. पोहे भाताचे, आणि माळव्यात भात पिकतो कुठे, असा विचार मनात आलाच तर आणखी एक जिलबी घ्या. जातो.

मग 'अन्न-सार्वभौमत्व' हा शब्द पाठ करा. व्हिया कांपेसिना या शेतकऱ्यांच्या जागतिक चळवळीने तो 1996 साली, रोमच्या अन्न परिषदेच्या वेळी पुढे आणला. काय पेरायचं, काय खायचं, हे ठरवण्याचा हक्क पिकवणाऱ्याचा, एवढाच अर्थ. पण शब्द लांब आहे, मंडीत कुणाची जीभ वळायची नाही. तेव्हा तो तुम्हीच सांभाळा.

उदाहरणाला सोयाबीन घ्या, इंदूरला शोभून दिसतं. आपल्याकडची काळी रानं पावसाळ्यात निम्मी-शिम्मी पडीक असत, काहींत ज्वारी असे. सत्तरच्या दशकापासून तिथे हे 'पिवळं सोनं' आलं. दाण्यातून शंभरात अठरा भाग तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. ती कोंबड्यांना जाते, त्यातल्या काही परदेशातल्या. पिकवणाऱ्याच्या घरी फोडणी मात्र बऱ्याचदा पामतेलाची, इंडोनेशिया-मलेशियाहून आलेल्या. देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरूनच येतं. याला परावलंबन म्हणू नका. 'ग्लोबल' म्हणा.

भावाबद्दल बोलताना जरा जपून. 2021च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोचलं. बहुतेक शेतकऱ्यांचा माल तोवर विकून झाला होता, नवं पीक अजून शेतात उभं. पण कोंबड्यांचं खाणं महागलं, आणि सरकारला पाझर फुटला. जनुक बदललेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली. तसलं बियाणं आपल्या शेतकऱ्याला पेरायची मुभा नाही, पण पेंड चालते. नवं पीक मंडीत भरायच्या आतच भाव कोसळले. सार्वभौमत्व राखलं गेलं, एवढंच की ते कोंबड्यांचं.

अशा वेळी सांगा, "बाजार आहे, चालायचंच." तेलाचा डबा महागला की मात्र लगेच ओरडा. तेव्हा बाजार नसतो, महागाई असते.

रेशनवरही मत हवंच. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला जेमतेम 165 ग्रॅम. त्यात स्वतः गहू विकणाराही रांगेत दिसला, तर 'फुकटची सवय' हे शब्द वापरा. त्याचाच गहू फिरून त्याच्याकडे आला असेल, ही शंका गव्हासारखी निवडून बाजूला काढा.

ज्वारीचं मात्र मनापासून करा. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष ठरवल्यापासून मॉलमध्ये तिचं पीठ सुबक पुडीत मिळतं. आजी जी भाकरी गरिबीची म्हणून लपवायची, तिचा फोटो आता नातसून टाकते. सांवेरकडून येणाऱ्या दूधवाल्याला एकदा उपदेश करून पाहा, "भिया, ज्वारी पेरत जा." मी केला. तो म्हणाला, "काकाजी, अकेला बोऊँगा तो सारी चिड़िया मेरे ही खेत में आएगी. और मंडी में लेगा कौन?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी दुधात पाणी जास्त आहे असं म्हणालो. तुम्हीही तेच म्हणा.

रात्री सराफ्यातल्या खाऊबाजारात जा. भुट्ट्याचा कीस घ्या, थंडी असेल तर गराडू हा तळलेला कंद. मका कुणी पिकवला ते विचारत बसू नका, मागे रांग असते. तिथे प्लेटा धुणारा पोरगा झाबुआकडचा असला तर त्याला दहा रुपये द्या आणि गावात पाऊस कसा आहे ते विचारा. उत्तर लांबलं तर भुवई उंचावून थोडं जिरावण वरून मागा. त्याचे पैसे अजून लागत नाहीत.