गिअरबॉक्सच्या तक्रारीबाबत आमचे उत्तर

महोदय,

आमच्याकडून घेतलेल्या जुन्या हॅचबॅकबद्दल एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. तिसऱ्याच महिन्यात गाडी गर्दीत गचके देऊ लागली, विकताना गिअरबॉक्सबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही, किंमत अवाजवी लावली, उलट आधी एक जुनाट सेदान गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, आणि मुळात ही कंपनीच टाकाऊ असल्याने तिची गाडी कोणी घेऊ नये, असे आपले म्हणणे आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची जबाबदारी माझी आहे.

आपल्या गाडीत ड्राय, म्हणजे तेलाविना चालणाऱ्या, क्लचचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे; हा दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, आणि क्लच म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे जोडणारी-तोडणारी पकड. त्यात एक क्लच विषम गिअरांसाठी आणि दुसरा सम गिअरांसाठी असतो. एका गिअरवर गाडी धावत असतानाच पुढचा तयार असतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर गिअर कधी बदलला हे कळतही नाही. अडचण येते ती गर्दीत. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकली तरी तिथे घासण्यासारखे फारसे काही नसते. ड्राय क्लचला मात्र अशा प्रत्येक सरकण्यात थोडे घसरावेच लागते, आणि थंड करायला तेल नसल्याने ती उष्णता क्लचच्या प्लेटमध्येच साठत जाते. रोज असे झाले की पकड एकसारखी राहत नाही. मग ब्रेकवरून पाय उचलताच गाडी अलगद सरकण्याऐवजी थरथरते, आणि ती थरथर स्टिअरिंग धरलेल्या बोटांपर्यंत पोहोचते. आपण केलेले वर्णन अगदी हेच आहे.

आम्ही आपल्याला चाचणीसाठी मोकळ्या रस्त्यावर नेले आणि दहा मिनिटांत परत आणले. हा दोष तिथे दिसणे शक्यच नव्हते. अर्धा तास गर्दीत गाडी तापू द्यायला हवी होती, ती दिली नाही, ही चूक आमची. किमतीबाबतही एवढे मान्य करतो की ती ठरवताना क्लचची झीज आम्ही वजा केली नव्हती.

सेदान गळ्यात मारत होतो, हे मात्र मला मान्य नाही. आपले रोजचे जाणे-येणे गर्दीतले आहे आणि मागच्या सीटवर वयस्कर आई-वडील बसतात, असे आपणच सांगितले होते. त्या सेदानमध्ये टॉर्क कन्व्हर्टर होता, मागचे दार रुंद होते, छत मागे उतरत गेलेले नसल्याने डोके न वाकवता बसता येत होते, आणि एसीची बटणे न पाहता हाताला लागत होती. मी ‘ही घ्या’ एवढेच म्हणालो, हे कारण सांगितले नाही. कारण न सांगता दिलेला सल्ला ग्राहकाला जुना माल खपवल्यासारखा वाटला, तर त्यात त्याचा दोष नाही.

ती सेदान आपल्याला जुनाट वाटली; गाडी देखणी असावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण डिझाइन म्हणजे केवळ बाहेरची रेघ नव्हे. २००१ साली आलेल्या होंडा जॅझमध्ये इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली सरकवली होती, त्यामुळे मागची बैठक वर उचलून तिथे उंच सामान उभे ठेवता येई. छोट्या गाडीत एवढी जागा काढणे हे मला कोणत्याही चकाकत्या ग्रिलपेक्षा मोठे काम वाटते. सगळी बटणे स्क्रीनमध्ये कोंबण्याच्या हौसेलाही आता आळा बसतो आहे: इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना स्वतंत्र बटण किंवा दांडी नसेल, तर गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणारी युरोपातली युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून त्या गाडीचे गुण कापते.

राहिली कंपनी टाकाऊ असल्याची गोष्ट. आपला राग मी समजू शकतो, पण वाचणाऱ्यांची यातून दिशाभूल होईल. याच मॉडेलच्या मॅन्युअल गिअरच्या गाड्या आमच्याकडे येतात, त्यांत ही तक्रार नसते. ड्युअल क्लच सरसकट वाईट, असेही नाही. २००३ च्या फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधला ड्युअल क्लच तेलात बुडालेला होता, म्हणजे उष्णता वाहून नेण्याची सोय त्यात होती. याउलट मर्सिडीजची डब्ल्यू१२४ ही जुनी गाडी टिकाऊपणासाठी नावाजलेली, तरी नव्वदच्या दशकातल्या तिच्या काही गाड्यांत इंजिनाच्या वायरींचे वेष्टन उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडे. त्यामुळे कोणत्या वर्षीची गाडी, कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स आणि आधीच्या मालकाने ती कुठे चालवली, एवढे विचारल्याशिवाय नुसत्या नावावरून मत देऊ नये, असे मला वाटते.

आपण गाडी आमच्याकडे आणावी. मी स्वतः आपल्याला शेजारी बसवून ती गर्दीत अर्धा तास चालवीन. गचका क्लचचाच निघाला तर दोन्ही क्लचचा संच बदलून गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे तो चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, नवा क्लच ओळखवून देण्यापर्यंतचा सगळा खर्च आमचा राहील. तरीही गाडी नकोशी वाटली, तर ती घेतलेल्या किमतीत परत घेऊ.