सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडबद्दल खुलासा

‘सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचा माल म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नाकारलेला माल’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. हे सरसकट खोटं आहे. तो स्वस्त पडतो मुख्यतः जाहिरातीचा आणि मधल्या वितरकाचा खर्च वाचल्यामुळं. अन्नसुरक्षेचे नियम त्यालाही तेच, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या १४ अंकी परवाना क्रमांकासकट. डाळ, साखर, पोहे तारीख बघून खुशाल घ्या.

कांदा-लसूण मसाला मात्र पाकीट उलटून बघितल्याशिवाय घेऊ नका, त्यात आपल्याकडं तडजोड चालत नाही! घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. मिरचीच्या आधी मीठ छापलं असेल, तर मिरचीपेक्षा मीठच जास्त. असलं पाकीट परत ठेवा. आणि किंमत किलोमागं किती पडते ते ताडून बघा. ८०० ग्रॅमचं पाकीट लांबून किलोचंच वाटतं.