मोठ्यानं विचार करा

शाळेत गणित सोडवताना ओठ हलले तरी बाई ओरडायच्या, "पुटपुटू नका, मनातल्या मनात करा." ही शिस्त आपण इंजिनिअरिंगपर्यंत इमानेइतबारे पाळतो. आणि मोठ्या टेक कंपनीचा मुलाखतकार पहिल्या मिनिटाला हसून सांगतो, "प्लीज थिंक अलाउड." म्हणजे डोक्यात जे चाललंय त्याचं धावतं समालोचन करा. इंग्रजीत. कॅमेऱ्याकडे बघून.

एक फेरी साधारण ४५ मिनिटांची. पहिली पाच ओळखीत जातात, शेवटची पाच "तुला काही विचारायचंय?" यात. उरलेल्या ३५ मध्ये प्रश्न समजून घ्या, रीत ठरवा, कोड लिहा, तपासा. अशा चार-पाच फेऱ्या.

प्रश्न दिसायला गरीब असतो. आकड्यांची यादी आहे, बेरीज अमुक येईल अशी जोडी शोध. लगेच टाइप करायला धावला तो बुडाला. आधी चौकशा करायच्या, स्थळ बघायला गेल्यासारख्या. यादी सॉर्टेड, म्हणजे क्रमानं लावलेली, आहे का? ऋण आकडे? तोच आकडा दोनदा येतो का? यादी रिकामीच निघाली तर? मग मठ्ठ उत्तर सांगायचं: प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडून बघू, एन स्क्वेअर, म्हणजे एन आकड्यांना साधारण एनच्या वर्गाइतक्या पायऱ्या. मग किंचित थांबून, आत्ताच सुचल्यासारखा चेहरा करून, हॅशमॅप काढायचा, म्हणजे बघितलेले आकडे झटकन सापडतील अशी नोंदवही. यादीतून एकदाच फिरलं की काम होतं, जागा मात्र जास्त लागते. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर हा प्रश्न पहिल्या क्रमांकाचा आहे, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. तरी कुणी हसायचं नाही.

खरा घात करते ती सगळ्यांना 'येणारी' बायनरी सर्च, म्हणजे सॉर्टेड यादी दर वेळी निम्मी करत आकडा शोधायची रीत. मधली जागा, म्हणजे मिड, काढायला शोधाची दोन टोकं, लो आणि हाय, मिळवायची, दोनानं भागायचं. यात कसली आलीय चूक? पण ३२ बिटी इंटिजरची, म्हणजे संगणकातल्या नेहमीच्या पूर्णांकाची, मजल २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच. बेरीज त्यापुढे गेली की आकडा उलटा पडून ऋण होतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत लायब्ररीत हीच चूक सुमारे नऊ वर्षं बिनबोभाट बसली होती, आणि २००६ मध्ये ती जगजाहीर करणारे जोशुआ ब्लॉक हेच त्या कोडचे लेखक. म्हणून लो आणि हायमधलं अंतर निम्मं करून ते लोमध्ये मिळवायचं. दुसरा खड्डा: लो पुढे सरकवताना 'मिड अधिक एक' न लिहिता नुसतं 'मिड' लिहिलं, की दोन घटक उरल्यावर लो जागचा हलत नाही आणि लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोड, गरगरत राहतो. चालवून बघायचं बटण बहुतेकदा नसतंच. ३, ५, ८ अशी यादी घेऊन ८ शोधत ओळीओळीनं बोट फिरवा. दुसऱ्याच फेऱ्याला खड्डा सापडतो.

कोडिंग निभावलं तरी स्वभावाची फेरी असतेच. अ‍ॅमेझॉनची तर १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे कामाची तत्त्वं, आहेत आणि प्रत्येक तत्त्वासाठी आपल्या कामातला एक किस्सा तयार ठेवावा लागतो. इथे आपले संस्कार आडवे येतात. "आम्ही सर्व्हर सुधारला," असं विनयानं म्हणावं, तर लगेच विचारणा होते, "ते ठीक, पण तू काय केलंस?" त्यात एक बार रेझर, म्हणजे दर्जा राखणारा मुलाखतकार, असतो, जागा भरणाऱ्या टीमबाहेरचा. त्याला जागा भरायची घाई नसते, त्यामुळे तो शांतपणे पाच वेळा "का?" विचारू शकतो. मला विचाराल तर आठवडाभर 'मी' म्हणायचा सराव हा शंभर प्रश्न सोडवण्यापेक्षा अवघड.

आणि इतकी बडबड कशासाठी? गूगलनं रूढ केलेल्या पद्धतीत मुलाखतकार एकटा निकाल देत नाही. तो नोंदी लिहितो आणि तुम्हाला कधीच न भेटलेली हायरिंग कमिटी त्या वाचते. मनातल्या मनात सुटलेलं गणित त्या नोंदीत कुठून येणार? म्हणून पलीकडून कीबोर्डचा खडखडाट येत राहील एवढं बघा. तो थांबलाच तर काहीतरी बोला. "आता मी एज केस, म्हणजे टोकाची उदाहरणं, तपासतोय," हे चालतं. तपासत नसलात तरी.