मोठ्या कोरफडींना उन्हाळ्यात पाणी द्यावे का? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपले म्हणणे असे की, फुलांसाठी लावलेल्या मोठ्या कोरफडींना उन्हाळ्यात पाणी द्यावे हा माझा सल्ला घातक आहे; ही वाळवंटी झाडे पाण्याने कुजतात आणि आपली अ‍ॅलो फेरॉक्स (मोठ्या कोरफडीची एक जात) तशीच गेली. ती कुजली याबद्दल शंका नाही. पण दोष पाण्याचा होता, हे मला पटत नाही.

'वाळवंटी' हा शिक्का सरसकट मारता येत नाही. अ‍ॅलो मार्लोथाय दक्षिण आफ्रिकेच्या ज्या डोंगरउतारांवर वाढते, तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो; फेरॉक्सच्या प्रदेशात पश्चिमेला तो हिवाळी, तर पूर्वेला उन्हाळी असतो. कोरड्या वायव्य भागातल्या अ‍ॅलोइडेंड्रॉन डायकोटोमम या झाडासारख्या वाढणाऱ्या कोरफडीला मात्र बऱ्याच ठिकाणी हिवाळी पाऊस मिळतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी नको हा आपला नियम तिला अधिक लागू पडतो.

आपणच लिहिले आहे की माती चिकण होती, आळे खोडालगत होते आणि रोज संध्याकाळी थोडे थोडे पाणी दिले जात होते. कुजण्याचे कारण इथेच आहे. अशा मातीत वरचा थर सतत ओला राहतो, त्यातली हवा निघून जाते आणि उन्हाने तापलेल्या त्या ओलीत बुरशी खोडाच्या बुंध्यात शिरते. खालची माती मात्र कोरडीच राहू शकते. त्याऐवजी मुरूम आणि खडी मिसळून फूटभर उंचवटा करावा, खोडापासून हातभर लांब भरपूर पाणी मुरवावे, आणि रोवलेली काडी खालपर्यंत कोरडी निघेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये.

पाण्याविना झाड तगते, हे मान्य. पण तगणे वेगळे आणि हिवाळ्यात फुलोऱ्याचे झुंबर उभे करणे वेगळे. कोरफड रात्री पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) उघडून कार्बन डायऑक्साइड घेते. ताण फार वाढला की ती रात्रीही मिटून घेते, आणि वाढ थांबते. पाने लाल झाली म्हणजे ती भाजलीच असे नाही. तो रंग पाणी मिळाल्यावर ओसरतो. उन्हाने भाजलेला डाग आधी फिकट पडतो, मग तपकिरी होऊन सुकतो आणि कधीच भरून येत नाही.

राहता राहिला वाळक्या पानांचा झगा. तो काढून टाकण्याची आपली हौस मला कळते (फोटो छान येतो), पण मूळ प्रदेशात तो खोडाला वणव्यापासून वाचवतो, आणि बागेत निदान दुपारच्या उन्हापासून.

नवे रोप त्याच खड्ड्यात लावणार असाल, तर आधी कुजकी मुळे वेचून माती बदला, आणि रोपाच्या तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकेपर्यंत काही दिवस पाणी देऊ नका.