माउसला हात न लावता संगणक प्रशिक्षण

शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली आहे ना? मग हे लोक उद्या वर्गात जाऊन खरंच काही वापरतील, ही भीती आधी मनातून काढून टाका. नियोजन चोख असेल तर तसं काही होत नाही.

सुरुवात इतिहासापासून करा. 1946 चा एनिॲक हा महाकाय संगणक, त्याचं सुमारे 30 टन वजन, त्यातल्या साधारण 18 हजार व्हॅक्यूम ट्यूब. मग संगणकाच्या पिढ्या. मग इनपुट-आउटपुट साधनांची आकृती, वहीत, पट्टी-पेन्सिलीने. रॅमचं पूर्ण रूप निदान दोनदा विचारा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खोलीतल्या एकाही मशीनचं बटण दाबलं गेलेलं नसलं, तर दिवस चांगला चालला आहे असं समजा.

दुपारी एकेका संगणकावर तिघांना बसवा. ज्याला येतं तो माउस पकडतो, ज्याला थोडं येतं तो पडद्याकडे बोट दाखवतो, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे त्या बाई वहीत लिहून घेतात: ‘मग त्या पिवळ्या चित्रावर टिचकी.’ चुकून माउस त्यांच्याकडे आलाच तर काय होईल, तेही सांगतो. त्या डबल क्लिक करायला जातील. दोन टिचक्यांच्या मधे हात किंचित सरकेल आणि आयकॉनच भलतीकडे ओढला जाईल. किंवा दुसऱ्या टिचकीला उशीर होईल आणि फाइल उघडण्याऐवजी तिचं नाव निळं होऊन बदलायला तयार बसेल. खरं तर एकदा टिचकी मारून एंटर दाबलं तरी भागतं. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमीही करता येतो. पण हे बोलायचं नाही. ‘द्या इकडे’ म्हणून माउस काढून घ्या, टकटक करून दाखवा आणि ‘आलं लक्षात?’ असं विचारा. आलं म्हणूनच सांगतात सगळे.

वेळ उरत असेल तर तीसही जणांना एकदम नवं ईमेल खातं काढायला लावा. एकाच जोडणीवरून धडाधड खाती निघू लागली की समोरच्या कंपनीला संशय येतो. ती फोनवर पडताळणी मागते किंवा सरळ दार लावून घेते. ज्यांचं खातं निघतं त्यांचा पासवर्ड संध्याकाळपर्यंत विसरतो. आदल्या दिवशी घरूनच खाती काढून आणायला सांगितली असती तर हा दीड तास वाचला असता. पण मग तो भरायचा कशाने?

थोडा सिद्धांतही हवाच. मिश्रा आणि कोहलर या शिक्षण-संशोधकांनी 2006 मध्ये मांडलेली तीन वर्तुळांची आकृती दाखवा. विषय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान यांचा मेळ बसला पाहिजे, हे 40 मिनिटं समजवा. ते संपलं की भाषा, गणित, विज्ञान अशा सगळ्यांना स्लाइडवर अक्षरं उडत आणायचं एकच ॲनिमेशन शिकवा. भूमितीच्या सरांना जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवायचं सॉफ्टवेअर दाखवायच्या फंदात पडू नका. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की तिन्ही कोन बदलतात आणि बेरीज 180 च राहते, हे दहा मिनिटांत हाताखालून जातं. सर ते उद्याच वर्गात करतील. मग पुढच्या प्रशिक्षणाला तुम्हाला बोलावणार कोण?

डिजिटल फळा असेल तर त्याला जपा. प्रोजेक्टर स्टँडवर ठेवलेला असेल, तर कुणाचा पाय स्टँडला लागला की कॅलिब्रेशन, म्हणजे पेन आणि पडदा यांचा जुळवलेला मेळ, गेलंच: पेन इथे टेकतो आणि रेघ चार बोटं डावीकडे उमटते. उपाय मिनिटभराचा आहे. कॅलिब्रेशन सुरू करायचं, पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या खुणांच्या बरोबर मध्यावर पेन टेकवत जायचं. हे काम सत्राआधी, एकट्यानेच उरका. प्रशिक्षणार्थींसमोर फळा गुणी बाळासारखाच वागला पाहिजे. नंतर वर्गात रेघ भलतीकडे उमटली की बाईंना ती आपलीच चूक वाटते, आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर कापड पडतं.

अभिप्राय फॉर्म प्रमाणपत्राच्या आधी भरून घ्या. नंतर कुणी भरत नाही, आणि भरलाच तर खरा भरतो. कर्कपॅट्रिक या अभ्यासकाने 1959 मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, परिणाम दिसला का. पहिली पायरी पुरे. दुसरीसाठी चाचणी घ्यावी लागते, आणि उरलेल्या दोन्हींसाठी वर्गात जाऊन बसावं लागतं. जॉईस आणि शॉवर्स हे शिक्षक-प्रशिक्षणाचे दोघे अभ्यासक तर 1980 च्या दशकापासून सांगत आले आहेत की नुसतं दाखवून, सराव करून घेऊन भागत नाही. नंतर वर्गात सोबत राहून मदत केली तरच शिकलेलं तिथे टिकतं. त्यांना काय, प्रवासभत्त्याची बिलं त्यांना थोडीच मंजूर करून घ्यायची होती.

पाठपुराव्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच. सगळ्यांना त्यात घ्या आणि लगेच ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे सुरू करा. चार दिवसांनी एखाद्या वर्गात प्रोजेक्टर निळा पडदा दाखवत ‘नो सिग्नल’ म्हणेल. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवायची, प्रोजेक्टरचं सोर्स बटण दाबून एचडीएमआय निवडायचं, लॅपटॉपवर विंडोजची कळ धरून पी दाबायचं आणि ‘डुप्लिकेट’ घ्यायचं. हे सगळं तुमच्या 87 व्या स्लाइडवर होतं, वेळेअभावी राहून गेलं. मुलं गलका करायला लागतील. बाई घाईघाईने ग्रुप उघडतील. लिहायला जागा नसेल, पण वर तुमचा ‘शुभ सकाळ’ असेल, गुलाबाच्या फुलासकट.